दहावीला एवढे मार्क, मग भूगोल कशाला घेतलास?

हा प्रश्न मला अजून विचारतात, लग्नकार्यात तर हमखास, आणि परवा वॉकला भेटलेल्या काकूंनी नातीसाठी विचारला. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आर्ट्स घेतलं कारण गणित सुटणार होतं, खोटं कशाला बोलू. भूगोल मात्र आवडला तो नंतर, आणि तोसुद्धा वर्गात नाही.

वर्गात नुसतं पाठांतर. लोकसंख्येची घनता, स्थलांतरित शेती, फरक स्पष्ट करा. पण 80 मार्कांच्या थेअरीमागे 20 मार्कांचं प्रॅक्टिकल होतं, त्यात टोपोशीट आली. 1:50,000 चा नकाशा, म्हणजे 1 सेंमी = अर्धा किलोमीटर, आणि दर 20 मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. मूळ नकाशात या रेषा तपकिरी आणि ओढे निळे असतात, आम्हाला मिळाली झेरॉक्स, सगळंच काळं! मग रंगीत पेन्सिली घेऊन ओळखत बसायचं. रेषांचा V चढाच्या बाजूला टोक करत असेल तर ती घळ, तिथून पाणी उतरणार, उताराकडे टोक असेल तर डोंगराची सोंड.

मी राहायचे वाशीला, कॉलेज ठाण्याला. ट्रान्स-हार्बर लोकलने जाताना उजवीकडे पारसिकचा डोंगर, आणि मांडीवर तीच शीट, त्यामुळे एक दिवस सहज ताडून बघायला लागले आणि मग सवयच लागली. रेषा चिकटून चिकटून असतील तिथे खिडकीतून खरंच चढ अंगावर येतो. तुर्भ्याच्या बाजूला मात्र कागदावर गोल टेकडी आणि बाहेर खाणीने उभा कापलेला दगड. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, परीक्षेत नकाशात आहे तेच लिही.

मग भरती-ओहोटी. उधाणाची म्हणजे मोठी भरती अमावस्या-पौर्णिमेला, भांगाची म्हणजे लहान भरती अष्टमीच्या आसपास, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वाशीतले होल्डिंग पाँड कशासाठी आहेत ते मला तेव्हा कळलं, तोवर मी त्यांना तळीच समजायचे. आपल्याकडची बरीच जमीन भराव टाकलेली, मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने गटारांच्या तोंडाच्या झडपा बंद होतात, तेवढे तास पाऊस या पाँडमध्ये थांबतो, ओहोटी लागली की झडपा उघडतात. निदान ठरलं तरी तसं होतं, आता काही पाँडमध्ये गाळ साचून खारफुटी उभी आहे. म्हणून जुलैत सोसायटीच्या ग्रुपवर सगळे पावसाचे व्हिडिओ टाकत असतात तेव्हा मी भरतीची वेळ बघते.

नोकरीचं म्हणाल तर मी बँकेत आहे, भूगोलाचा काडीचा संबंध नाही, हे काकूंनाही सांगितलं. जर्नल अजून माळ्यावर आहे. त्यात मी एक समोच्च रेषा ओढा समजून निळी रंगवली होती, त्यामुळे पारसिकवर एक नदी डोंगराला पूर्ण वळसा घालते आणि परत स्वतःलाच येऊन मिळते. मॅडमनी त्यावर टिक केलंय.