यादी कोरी, पैसे मात्र बाकी

मे महिन्याचा दुसरा आठवडा. देवगडात आमच्या शेजारच्या काकांचा आंब्याचा धंदा. बागायतदारांकडून माल घेऊन वाशीला पाठवतात. त्यांचा हिशोब मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये बसवून दिलाय. ज्यांना अजून एक रुपयाही पोचला नाही त्यांची यादी काढायला एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, आहे. त्या संध्याकाळी यादी कोरी आली. सगळ्यांचे पैसे चुकते झाले, असं मी काकांना खुशीत सांगूनही टाकलं.

सकाळी त्यांचा फोन. "अरे, सगळ्यांचे पैशे भागले म्हणता तुजो कॉम्प्युटर? माका पाच फोन इले!"

बागायतदार १४६. पैसे मिळालेले मोजले तर ११२. मग उरलेले ३४ गेले कुठे? क्वेरी साधीच: ज्यांचा आयडी पेमेंटच्या टेबलात 'नॉट इन', म्हणजे नाही, ते दाखव. 'नॉट' काढला की ११२ जण बिनचूक येतात, घातला की शून्य. सर्व्हर बंद-चालू केला, इंडेक्स नव्याने बांधला. (आपण काहीतरी करतोय असं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.) शेवटी कंसातली, पेमेंटमधले आयडी आणणारी आतली क्वेरी एकटीच चालवली आणि ओळ न् ओळ वाचत गेलो. मध्येच एका ओळीत आयडीच्या जागी नल.

नल म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही'. 'नॉट इन' विचारतो, हा आयडी यातल्या प्रत्येकापेक्षा वेगळा आहे का? नलपाशी आलं की उत्तर 'सांगता येत नाही', आणि क्वेरीत अट लावणारा 'व्हेअर' फक्त 'हो' म्हटलेल्या ओळीच पुढे सोडतो. एका बेनावी पेमेंटने चौतीस जण गिळले! 'इन'ला एक जुळणी सापडली की पुरे, म्हणून ती बाजू बरोबर. आयडी मोजताना नल धरलाच जात नाही, त्यामुळे ११२ मध्येही तो दिसला नव्हता. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलो असतो तरी सुटका नव्हती, हा नियम क्वेरी लिहायच्या भाषेचा, एसक्यूएलचाच.

त्याऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' (या आयडीची एकही ओळ नाही ना, एवढंच बघणारं) लावलं, ३४ नावं हजर. मग त्या रकान्याला 'नॉट नल'ची, म्हणजे रिकामं चालणार नाही अशी, अट घालायला गेलो, तर मायएसक्यूएल अडून बसलं: आधी ती ओळ निस्तर. पाच हजार रोख, काकांच्या पुतण्याने घाईत नाव न टाकताच सेव्ह केलेले. काकांनी चोपडी उघडली. त्या तारखेला लिहिलं होतं, 'तात्या – ५०००'.

आमच्या यादीत तात्या सात. काका एकेकाला फोन लावत बसले.