किपचोगेच्या बरोबर तिप्पट

प्रागला उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत धावायच्या बुटांचे दोन जोड होते. ताईच्या मते त्यातला एक निव्वळ वेडेपणा होता. "फिरायला चाललोय का शर्यतीला?" असं तिने निघण्याआधी तीनदा विचारलं होतं. तिचंही बरोबर होतं म्हणा. मॅरेथॉनला दहा आठवडे उरले होते आणि बारा दिवसांची ही सहल ठरवताना मी आधी ट्रेनिंगचा तक्ता उघडला होता, नकाशा नंतर. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. नदीकाठची शहरं म्हणजे पळायला सपाट रस्ता, एवढा साधा हिशेब. कोचनी त्या बारा दिवसांसाठी ९० किलोमीटर लिहून दिले होते. शेवटी झाले २४. त्यातले आठ तर पळायलाच नको होते.

पहिली सकाळ मात्र सोन्यासारखी गेली. उजाडायच्या आत चार्ल्स पुलावर पोचले. १३५७ साली पाया घातलेला, ५१६ मीटर लांबीचा हा पूल दिवसभर माणसांनी इतका गजबजलेला असतो की पळणं सोडाच, सरळ चालताही येत नाही. त्या वेळी तिथे दोन फोटोग्राफर होते आणि पांढऱ्या झग्यात कुडकुडणारी एक नवरी. बाकी सगळे दगडी पुतळे. पुलावरून तीन फेऱ्या, मग व्ल्टावाच्या काठाने, असे सहा किलोमीटर. ज्यांना प्रागमध्ये पळायचंय त्यांना एवढंच सांगेन की तिथले फरसबंदीचे रस्ते फोटोत सुंदर दिसतात, पण पोटऱ्यांना अजिबात सुंदर वाटत नाहीत. चौकोनी दगड दवाने ओले असले की पाऊल पडतं एकीकडे आणि घोटा वळतो दुसरीकडे. जाड, गुबगुबीत सोलचे बूट तर तिथे होडीसारखे डुलतात.

दुसऱ्या दिवशी उठले तर घसा खवखवत होता. विमानातली हवा, म्हटलं. विमानात आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि हवेचा दाब साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका विरळ असू शकतो, हे मला माहीत होतं. अर्धवट ज्ञान असं सोयीच्या वेळी धावून येतं. घड्याळात झोपेतली नाडी ६३ दिसत होती. एरवी ती ५४ असते. प्रवासाचा शीण, म्हटलं.

पळणाऱ्यांमध्ये एक नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नुसती सर्दी, शिंका, तर हळू पळायला हरकत नाही, मानेच्या खाली उतरला, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, ताप, तर घरी बसायचं. नियम चांगला आहे. फक्त घसा मानेच्या वर धरायचा की खाली, हा प्रश्न मी स्वतःच्या सोयीने सोडवला. शिवाय नियमात 'हळू' असा एक शब्द आहे, तोही गाळला. तक्त्यात टेम्पो रन, म्हणजे एका लयीत जोराने पळायची धाव, होता आणि मी एमिल झाटोपेकच्या देशात होते! सैन्याचे जड बूट घालून सराव करणारा, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि आयुष्यातली पहिलीवहिली मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेऊन आलेला तो माणूस. त्याच्या गावात येऊन घसा दुखतो म्हणून टेम्पो सोडायचा?

स्ट्रोमोव्का नावाच्या मोठ्या बागेत गेले. जुन्या काळची राजाची शिकारीची जागा, आता मऊ वाटा आणि तळी. नेहमीच्या टेम्पोच्या वेगाला माझे ठोके १५८ च्या आसपास असतात. तिथे १७१ दिसत होते. पाय जड नव्हते, श्वासही ठीक होता, फक्त आकडा चुकीचा होता. मी काय करावं? घड्याळाचा पट्टा जरा घट्ट केला. आठ किलोमीटर पूर्ण केले.

रात्री दहाला दातावर दात वाजायला लागले. ताप ३८.९ अंश सेल्सियस.

पुढचे तीन दिवस मी प्राग पाहिलं ते एका उतरत्या छताच्या खिडकीतून. त्यातल्या एका तुकड्यात समोरच्या घराची धुरांडी आणि त्यावर बसलेलं एक कबूतर, बस. ताई एकटीच किल्ला बघून आली, जुन्या चौकातलं घड्याळ बघून आली आणि दर वेळी येऊन कपाळावरची ओल्या रुमालाची घडी बदलून गेली. पडल्या पडल्या माझी नाडी ९२ होती. अंगाचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, म्हणजे मी गादीवर आडवी असले तरी हृदयाचं जॉगिंग चालूच होतं.

आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग टेम्पो रनबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही. मुद्दा असा होता: विषाणू नुसता नाकात-घशात राहील याची खात्री नसते. क्वचित हृदयाच्या स्नायूंनाही सूज येते. ती सूज असताना जोराचा व्यायाम केला तर हृदयाचे ठोके जिवावर बेतेल इतके बिघडू शकतात. हे सहसा घडत नाही, पण कोणाला घडेल ते आधी कळतही नाही. म्हणून ताप असताना पळायचं नाही, यात घासाघीस नाही. "आणि पॅरासिटामॉलने उतरलेला ताप हा उतरलेला ताप नव्हे," ते म्हणाले. "गोळी न घेता चोवीस तास ताप आला नाही, की मग चालायचं. पळायचं नाही, चालायचं. छातीत दुखलं, धडधडलं, चालताना दम लागला, तर तिथल्या डॉक्टरकडे जायचं, मला फोन करत बसायचं नाही."

ताईने मागून विचारलं, "ती सिप्रोची स्ट्रिप आहे ना आपल्याकडे, ती सुरू करू का?" प्रवासात पोट बिघडलं तर असू द्यावी म्हणून ती औषधांच्या पिशवीत कधीची पडून होती. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. एक तर फ्लूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. आणि त्यातून ही गोळी ज्या गटातली आहे, त्या गटातल्या औषधांनी स्नायूबंध, विशेषतः टाचेमागचा अकिलिस, दुखावण्याचा किंवा चक्क तुटण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये या औषधांवर त्यांचा सर्वात कडक इशारा छापायला लावला होता. इतकी वर्षं पळते, अकिलिससाठी रोज पायरीवर टाचा वरखाली करते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. काही वेळा तेच औषध घ्यावं लागतं, ते डॉक्टर बघतील. पण आपण पळतो हे त्यांना आधी सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी डोकं जरा हलकं झालं आणि लगेच दुसरा ताप चढला: फिटनेस गेला! हा ताप पळणाऱ्यांनाच येतो. मी कोचना लांबलचक मेसेज लिहिला, चुकलेले किलोमीटर कुठे कुठे भरून काढता येतील त्याच्या हिशेबासकट. उत्तर आलं, "तक्ता विसरा. रोज उठल्यावरची नाडी कळवा. बाकी काही नको." सोबत त्यांनी १९८४ च्या एका जुन्या अभ्यासाचा गोषवारा पाठवला होता. चांगल्या कसलेल्या सात जणांचा सराव पूर्ण बंद करून पाहिलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी उतरली आणि ५६ दिवसांनी १६ टक्क्यांवर येऊन थांबली. तीन आठवडे काहीच न करता सात टक्के! मी तीन दिवसांचं सुतक पाळत बसले होते. सुरुवातीच्या दिवसांत जे चटकन कमी होतं ते मुख्यतः रक्तातलं पाणी. म्हणून परतल्यावर पहिल्या काही धावांत ठोके उगाच चढतात आणि आपण संपलो असं वाटतं. सराव सुरू झाला की ते भरूनही तितक्याच लवकर येतं.

व्हिएन्नाची गाडी साधारण चार तासांची. ताप आदल्या रात्री गेला होता, मास्क लावून खिडकीशी बसले आणि ब्रनोपर्यंत झोपले, ब्रनोनंतरही झोपले. नाडी ६१. दुसऱ्या दिवशी ५९.

व्हिएन्नात ताईला चित्रं बघायची होती, मला एक रस्ता. प्राटर बागेतून जाणारी हाउप्टअले ही सरळसोट, सपाट वाट, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं आणि मोटारींना बंदी. लांबी चार किलोमीटरांहून थोडी जास्त. १२ ऑक्टोबर २०१९ ला एलियुड किपचोगेने इथेच ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पार केले. दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर पळालेला पहिला माणूस. तो विश्वविक्रम म्हणून धरला गेला नाही, कारण वेग राखणारे ४१ पेसर आळीपाळीने त्याच्यापुढे येत होते आणि ती खुली शर्यतही नव्हती.

"म्हणजे त्यालासुद्धा धरायला माणसं लागली," ताई म्हणाली. "मग तू माझा हात धर आणि गप चाल."

पहिल्या दिवशी खरंच नुसती चालले. ऑक्टोबरचेच दिवस होते. चेस्टनट टपकत होते, काटेरी साल फुटून आतली तपकिरी बी पॉलिश केल्यासारखी चमकत रस्त्यावर घरंगळायची. ताईने चार-पाच खिशात टाकल्या. शेजारून पळणारे जात होते: दोघी मैत्रिणी गप्पा मारत, एक आजोबा कंबरेत वाकून, एक बाई बाबागाडी ढकलत. सगळे माझ्यापेक्षा वेगात. आपल्याच घरच्या लग्नात पाहुण्यासारखं एका बाजूला उभं राहावं, तसं वाटलं. बाबागाडीवालीचा तर मला अंमळ रागच आला.

पुढच्या सकाळी नाडी ५७. कोचनी परवानगी दिली: थोडं पळा, थोडं चाला, एकूण अर्धा-पाऊण तास, आणि पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मी एक मिनिट पळत होते, दोन मिनिटं चालत होते. छातीत अजून काहीतरी ओलसर खरखरत होतं, दर थांब्याला खोकला. पण पायांना ती लय आठवत होती. पळण्याच्या तुकड्यांचा पेस पाहिला: किलोमीटरला ८ मिनिटं ३० सेकंद. किपचोगेचा होता २:५०. म्हणजे बरोबर तिप्पट!

हे कळल्यावर एक प्रयोग केल्याशिवाय राहवेना. ताईला एका झाडाखाली उभं केलं आणि सांगितलं, की मी दोन मिनिटं पन्नास सेकंद न थांबता पळणार. तेवढ्या वेळात तो इथून एक किलोमीटर लांब गेलेला असायचा, दिसेनासा. घड्याळ वाजलं तेव्हा थांबले आणि वळून पाहिलं. ३३० मीटर. ताई तिथेच होती, चांगली स्पष्ट दिसत होती, दोन्ही हात वर करून हलवत होती. हसू आलं, हसण्याने खोकला आला, आणि एका जाणाऱ्या धावपटूने थांबून विचारलं की सगळं ठीक आहे ना.

बुडापेस्टला पोचलो तो दिवस सामान चढवण्या-उतरवण्यात गेला. शेवटच्या पूर्ण दिवशी नाडी ५५ दाखवत होती आणि मी ट्रामने मार्गिट पुलाच्या मधोमध उतरले. तिथून रस्ता खाली मार्गिट बेटावर जातो. डॅन्यूबमधलं हे अडीच किलोमीटर लांब बेट, आणि त्याच्या भोवती कडेकडेने रबराचा लाल धावमार्ग, साधारण सव्वापाच किलोमीटरचा. प्रागच्या त्या दगडांनंतर पावलाखाली ते रबर म्हणजे सुख होतं. ठरवलं होतं की ठोके १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, गेले की चालायचं. पाच-सहा वेळा चालले.

उत्तरेकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेला जाताना शेजारी एक मालवाहू बार्ज आला. पाण्यात खोल बसलेला, इंजिन धडधडत, पण पुढे सरकायला तयार नाही. बराच वेळ आम्ही दोघं बरोबरीने चाललो होतो. डेकवर दोरीला कपडे वाळत होते, त्यातल्या एका निळ्या शर्टाच्या बाह्या माझ्याच लयीत हलत होत्या. मी जरा जोर लावला असता तर त्याला मागे टाकलं असतं. घड्याळ १३९ दाखवत होतं. आर्पाद पुलाच्या अलीकडे तो पुढे निघून गेला. जाऊ दिला.

एक फेरी पुरी झाली, दुसरी मारावीशी वाटत होती, मारली नाही. कोचना नाडी कळवली. त्यांचं उत्तर: परतल्यावर पहिला आठवडा नेहमीच्या निम्मा, टेम्पो नाही, इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोरात पळणं, नाही.

रात्री सामान भरताना ताईने बॅगेतून बुटांचा दुसरा जोड बाहेर काढला. शर्यतीचा, हलका, तळाला अजून प्रागची धूळसुद्धा न लागलेला. तिने तो उलटा करून पाहिला.

"हा नुसता हवा खायला आला होता वाटतं."

"टेपरवर होता, शर्यतीआधीच्या आरामावर," मी म्हटलं, आणि तिच्या हातून घेऊन त्यात तिचे चेस्टनट भरले.