वापरलेलं किचन कोणी घेतं का?

आमचं आठ वर्षं वापरलेलं मॉड्युलर किचन मी ऑनलाइन विकलं. तेव्हापासून घर बदलणारं किंवा स्वयंपाकघर नव्याने करणारं कोणी भेटलं की हमखास विचारतं, "अहो, भिंतीला ठोकलेलं किचन खरंच कोणी घेतं? विकलंत कसं?" प्रत्येकाला फोनवर थोडंथोडं सांगत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं नीट लिहिते.

घेतात. घेणाऱ्याच्या मनात धाकधूक असते ती एकच: हे माझ्या भिंतीला बसेल का? सोफा कुठेही ठेवता येतो, किचन मात्र एका खोलीच्या अंगाने बेतलेलं असतं. ही रीत जुनी आहे. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी जे किचन आखलं, त्यात कपाटं, ओटा, खण सगळं त्या चिंचोळ्या खोलीच्या मापाने बसवलेलं होतं. तशी सुमारे 10,000 किचनं तिथे बसली. पुढे त्यातलीही काही भिंतीवरून उतरली आणि एक तर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेलं. म्हणजे एका खोलीसाठी बेतलेली वस्तू दुसरीकडे जाऊ शकते. कुठे जाऊ शकते हे घेणाऱ्याला घरबसल्या कळलं पाहिजे, एवढंच.

माझ्या पहिल्या जाहिरातीत ते कळत नव्हतं. "मॉड्युलर किचन, एल आकार, उत्तम स्थिती" एवढं लिहून चार फोटो टाकले होते. "अजून आहे का?" असे मेसेज भरपूर आले, बघायला एकही माणूस आला नाही. मग एका रविवारी टेप घेऊन जमिनीवर बसले आणि प्रत्येक कपाटाची रुंदी, उंची, खोली कागदावर उतरवली. तेव्हा लक्षात आलं की आतली खोकी बहुतेक ठरावीक मापांची आहेत: 30, 45, 60, 90 सेंटीमीटर. ती सुटी होतात, जागा बदलून मांडता येतात. त्या विशिष्ट भिंतीची म्हणावीत अशी कोपऱ्यातलं कपाट, फटी बुजवायला लावलेल्या पट्ट्या आणि ओट्याचा दगड, इतकीच. हे सगळं हाताने आखून त्या कागदाचा फोटो जाहिरातीत पहिला लावला. समोर उभं राहिल्यावर कोपरा डावीकडे येतो की उजवीकडे, सिंक कुठे, दोन्ही भिंतींची एकूण लांबी किती, तेही लिहिलं. त्याच आठवड्यात दोन कुटुंबं बघायला आली, दोन्ही आपापल्या खोलीचा नकाशा घेऊन.

म्हणून माझं पहिलं सांगणं: गिऱ्हाईक मिळेपर्यंत किचन उतरवू नका. उभं किचन डोळ्यांना किचन दिसतं, उतरवलेलं म्हणजे फळ्यांचा ढीग. दिवे लावून, सगळी दारं एकदा बंद आणि एकदा उघडी ठेवून फोटो काढा. येणाऱ्याला स्वतःच्या हाताने ट्रॉल्या ओढू द्या.

दुसरं, दोष लपवू नका. यावर मी जरा अडूनच बसते. आमच्या सिंकखालच्या कपाटाचा तळ पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा होता आणि पाइपच्या भोकाशी बारीक गळती होऊन तो फुगला होता. वरून लॅमिनेट ठीक दिसायचं, पण अंगठ्याने दाबलं की कडेला मऊ लागायचं आणि कडेला चिकटवलेली पट्टी उघडून आतला भुसा दिसायचा. एकदा फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. त्याचा जवळून फोटो काढला आणि खाली लिहिलं, "हा तळ बदलावा लागेल." ज्यांनी किचन घेतलं त्या ताई नंतर म्हणाल्या, तो फोटो बघूनच आम्ही यायचं ठरवलं. जे बाई स्वतःहून दाखवतेय, त्यापलीकडे काही निघणार नाही, असं त्यांना वाटलं. मलाही समोरच्याचं मन असंच ओळखता यायला हवं होतं, आधीपासून.

दगडाचं वेगळं. 20 मिलीमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण 54 किलो भरतो. तीन मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद ओटा म्हणजे जवळजवळ 97 किलो. त्यात हॉबसाठी (ओट्यात बसवलेल्या शेगडीसाठी) आणि सिंकसाठी कापलेल्या भोकांच्या पुढे-मागे अरुंद पट्ट्या उरतात आणि उचलताना तडा नेमका तिथे जातो. न्यायचाच असेल तर आडवा नाही, एक कड खाली ठेवून उभा धरून न्यायचा. बहुतेक वेळा तो नव्या घरात मापाला बसतही नाही. आम्ही दगड किमतीत धरलाच नव्हता, हवा तर घेऊन जा म्हटलं. त्यांनी नेला नाही.

किमतीचं फार डोकं खाऊ नका. आपण किती खर्च केला होता ते घेणाऱ्याच्या हिशेबात येत नाही. त्याला उतरवणं, वाहतूक, पुन्हा बसवणं आणि नवा ओटा, हे सगळं वर पडणार असतं. तेवढं वजा करून आकडा लावा आणि घर रिकामं करायची तारीख ठरलेली असेल तर ती स्पष्ट लिहा. हॉब, चिमणी, सिंक द्यायचं आहे की नाही तेही.

आणि न बघता "पक्कं, आत्ताच पैसे पाठवतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. किचन कोणी न बघता घेत नाही. पैसे स्वीकारायला आपला पिन किंवा ओटीपी लागत नाही. तो मागितला की बोलणं तिथेच संपवायचं. "चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा" म्हणणाराही त्यातलाच.

उतरवायचं कोणी हे आधी बोलून घ्या. गॅस, पाणी आणि वीज तोडण्याचं काम त्या त्या जाणकाराकडूनच. बाकी सुताराने केलं, आम्ही हाताखाली होतो. खोकी मोडायची नाहीत, अखंडच न्यायची. पार्टिकल बोर्डात तोच स्क्रू काढून पुन्हा घातला की पकड ढिली होते. आमच्या बिजागऱ्या मागची खिट्टी दाबली की सुटणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांच्या पट्ट्या कपाटाला तशाच राहू दिल्या आणि नुसती शटर्स, म्हणजे कपाटांची दारं काढली. प्रत्येक शटरच्या आत आणि त्याच्या कपाटावर चिकटपट्टीने एकच नंबर टाकला. सुटं सामान कपाटागणिक वेगळ्या पाकिटात, पाकिटावरही तोच नंबर, आणि प्रत्येक पाकीट बंद करण्याआधी त्याचा एक फोटो.

तीन आठवड्यांनी त्या ताईंचा फोन आला. त्यांचा सुतार शेवटचं वरचं कपाट टांगत होता आणि एक हूक कमी पडत होता. मी फोनमधले फोटो मागे सरकवत गेले. सात नंबरच्या पाकिटात दोनऐवजी तीन हूक दिसत होते. "सात नंबरमध्ये बघा," म्हटलं. पलीकडे पाकीट उघडल्याचा आवाज आला, मग ताईंनी सुताराला हाक मारली, "दादा, सापडला!"