दहा लाख बिटांची चावी

मे महिन्यातली चोपड्याची दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं, त्यामुळे तो नुसता गरम वारा फेकत होता. मी इथल्या एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो. पुण्याहून एक गृहस्थ एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती चावीने कुलूपबंद करायचं, सॉफ्टवेअर विकायला आले होते. ‘मिलिटरी ग्रेड’, ‘कधीच न फुटणारं’, आणि चावी म्हणे दहा लाख बिटांची! जगभर वापरतात त्या एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीची मोठ्यात मोठी चावीसुद्धा २५६ बिटांची असते. माझे कान तिथेच टवकारले.

पद्धत कोणती, असं विचारलं तर म्हणाले, “आमची स्वतःची. गुप्त आहे, म्हणून तर सेफ.”

हे उलटं झालं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, चावी तेवढी गुप्त हवी, हे केरखॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ सालीच लिहून ठेवलंय. एईएस तर उघड स्पर्धेतून निवडलं गेलं. १५ पद्धती उतरल्या, जगभरच्या जाणकारांनी त्या फोडायचा प्रयत्न केला, तेव्हा कुठे २००१ मध्ये ते मानक ठरलं.

अध्यक्ष केळीवाले. ते म्हणाले, “बोलून काय व्हतं भो, करून दाखव.”

नोटपॅडमध्ये १ हा एकच आकडा हजार वेळा टाकला, फाइल त्यांच्याच हातून एन्क्रिप्ट करून घेतली आणि हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. दर सोळा बाइटांनी तीच रांग, पानभर. पासवर्ड बदलून पुन्हा केली, तर अक्षर न् अक्षर तेच! म्हणजे पासवर्ड फक्त खिडकी उघडण्यापुरता. आत सगळ्यांना एकच चावी, तीही सोळा बाइटांची, म्हणजे १२८ बिटांची. आत काय घातलं ते मला ठाऊक होतं, बाहेर काय आलं ते समोर होतं. दोन्हींचं एक्सॉर केलं (बिट सारखे तर ०, वेगळे तर १) की चावीच हातात.

सकाळी नमुना म्हणून त्यांनी आमची कर्जखात्याची यादी एन्क्रिप्ट केली होती. तिला ही चावी लावली. पहिलीच ओळ अध्यक्षांच्या ठिबकच्या कर्जाची, थकीत हप्त्यासकट.

“हे झाकेल व्हतं ना?” अध्यक्ष.

(आमच्या रोखपालाचा पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला होता. त्या दिवशी मी ते बोललो नाही.)

गृहस्थांनी बाहेर जाऊन फोन लावला. परत येऊन म्हणाले, नव्या व्हर्जनमध्ये हे दुरुस्त झालंय.

“त्यात कोणती पद्धत आहे?”

“ती गुप्त आहे.”