समुद्रफळाखालची पहाट

आज पहाटे मालवणला खाडीकाठच्या समुद्रफळाच्या झाडाखाली उभी होते. हातभर माळा लोंबत होत्या, फुलं मात्र सगळी खाली पाण्यावर! रात्री उमलतात आणि उजाडता उजाडता गळतात. एक उचललं. पाकळ्या नावालाच, बाकी नुसते गुलाबी केसर, ओल्या रेशमासारखे. भरतीवर पालथी तरंगणारी ती फुलं पाहून मला जेलीफिशच आठवल्या, आमच्याकडे ज्याला झार म्हणतात. तशीच छत्री, तशाच झालरी. काका म्हणाले, "गो, ह्येची बी वाटून पाण्यात टाकली काय मासे गुंगतत." बियांतल्या सॅपोनिनचा, म्हणजे साबणासारखा फेस आणणाऱ्या द्रव्याचा, हा परिणाम. जेलीफिशही डंख मारूनच मासे धरते, आणि किनाऱ्यावर मरून पडली तरी तिचा डंख लागतो. म्हणून तिला आजवर हात लावला नाही. फुलं मात्र ओंजळभर घरी आणली.