ब्लेरिओ ११ : पंख अखेर पिळला

माझ्या ब्लेरिओ ११ विमानाच्या मॉडेलमधला दुसरा सर्व्होही (पंखाच्या तारा ओढणारी छोटी गिअरवाली मोटर) रविवारी गेला. गिअरचे दात कणसाच्या दाण्यांसारखे सोलून हातात आले. पहिला गेला तेव्हा मी खापर दुकानदारावर फोडलं होतं. ते शब्द परत घेतो. (बाल्सा लाकडाबद्दलचे नाही. तो अजूनही मऊच पाठवतो.)

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) लावून मोकळा हो, असं इथल्या तिघांनी सुचवलं. नाही! २५ जुलै १९०९ला लुई ब्लेरिओ फ्रान्समधल्या कॅलेजवळून उडाला आणि सुमारे ३७ मिनिटांत इंग्लंडमधल्या डोव्हरला उतरला, त्या विमानाला एलेरॉन नव्हते. विमान डावी-उजवीकडे कलवायला तारा ओढून अख्खा पंखच पिळायचा. एलेरॉन लावले तर माझं १३० सेंमीचं मॉडेल नुसतं शोभेचं उरेल.

चिडून डाव्या पंखावरची प्लास्टिकची फिल्म फाडली, तर उघडा सांगाडा एका बोटाने पिळला! म्हणजे चोर कव्हरिंग. पंख पिळताना रिब (पुढून मागे जाणाऱ्या पट्ट्या) आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्या) यांच्यामधला प्रत्येक चौकोन किंचित तिरपा व्हायला हवा, आणि सगळीकडून सारखी ताणलेली फिल्म तो होऊ देत नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मात्र एकमेकांवर सरकतात. मूळ विमानावरही कापडच होतं. म्हणून आता मलमल, धागा स्पारला समांतर. डोपचा (कापड ताणून ताठ करणारं लॅकर) एकच पातळ हात. तुकड्यावर दोन देऊन पाहिले तर परत पत्रा.

तरी पंख अडखळत होता. वरच्या दोन्ही तारा मी कॅबेनला (धडावरचा, तारा धरणारा सांगाडा) घट्ट बांधल्या होत्या. मूळ रचनेत ती एकच तार कॅबेनवरून सरकते: एका पंखाची मागची कड खाली ओढली की दुसऱ्याची वर जाते. कप्पीऐवजी चपला शिवणाऱ्या काकांकडून बुटाचं पितळी आयलेट आणलं, दहा रुपयांत. झकास सरकतं. कॅबेनला बुरूड आळीतला बांबू वापरलाय; कार्बन रॉडवाल्यांनी नाकं मुरडावीत.

मूळ विमानाच्या अँझानी इंजिनाचे तीन खोटे सिलिंडरही झाले. पेनच्या टोपणावर दोरा गुंडाळून काढलेले फिन्स (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या कडा) इतके खरे वाटतात की बायकोने विचारलं, हे तापतं का?

आणि हे लिहितानाच लक्षात आलं, वरची तार एकच आहे तर दोन सर्व्हो कशाला? ते आपसातच ओढाताण करत असणार. ब्लेरिओच्या हातातही दोन्ही पंखांना मिळून एकच दांडा होता. उजव्या पंखाची फिल्म काढायच्या आधी खालच्या पायलॉनमध्ये (धडाखालचा, तारा धरणारा सांगाडा) एकच मेटल-गिअर सर्व्हो बसवून बघतो. पंचवीस ग्रॅमचा कुणाकडे पडून आहे का?