ग्रुप थेरपी सोपी, त्याआधीचा फॉर्म अवघड

पीटीएसडीच्या (भयानक प्रसंगानंतर मनावर राहिलेल्या आघाताच्या आजाराच्या) ग्रुपमध्ये बोलायला जमेल का, या धास्तीने लोक मागे हटतात. माझ्या अनुभवात गाडी अडते ती त्याआधी, ओपीडीच्या टेबलावर.

केसपेपर आणि डॉक्टर सकाळी लवकर गेलं की उरकतात. मग येते पीसीएल-५ ही प्रश्नावली: २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०, विचार फक्त गेल्या महिन्याचा. साधारण ३१ ते ३३ च्या वर गुण गेले की सविस्तर मुलाखत घेतात. नुसत्या आकड्यावर निदान करायचं नसतं. आम्हाला तो इंग्रजी कागद रांगेतल्या बाकावर मिळाला आणि प्रश्न टेबलापलीकडून मोठ्याने वाचले गेले. "वाईट स्वप्नं पडतात का?" चारचौघांत याला "खूप" असं कोण म्हणेल? शून्यावर खूण होते आणि माणूस 'ठीक आहे' ठरून घरी जातो. अहो, टाळणं हे या आजाराचं लक्षणच आहे! बंद खोली मागा, मराठीतून विचारायला सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. आणि उत्तरं सर्वांत जास्त छळणाऱ्या एकाच घटनेला धरून द्यायची. पुरात अडकणं, अपघात, घरातली मारहाण यांची खिचडी केली तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

पुढे वाट पाहावी लागते, कारण बॅच सुरू झाल्यावर मध्येच कुणाला घेत नाहीत. विश्वास बसायला तेच बरं, पण तोवर रात्र जड गेली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे.

सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) या उपचार पद्धतीत साधारण १२ सत्रं, ग्रुपमध्ये दीड-दोन तासांची. घटनेचं वर्णन तिथे करायचं नसतं, दुसऱ्याची जखम उघडी पडते. काम चालतं 'मी दुसऱ्या डब्यात चढले असते तर…' अशा अडकून बसलेल्या विचारांवर: काय झालं, मनात काय आलं, काय वाटलं, हे घरी कागदावर लिहून आणायचं. गृहपाठ बुडवला की सत्र वाया जातं.

चालवणारे दोघे आहेत ना, हे आधी विचारा. कुणी घाबरून बाहेर गेलं तर एकाला त्याच्यामागे जाता आलं पाहिजे. लोकलच्या गर्दीने छातीत धडधडत असेल तर दुपारची बॅच घ्या, आणि दाराजवळची खुर्ची पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.